‘आमच्या गावात कॅन्सर नाही’

माझी आई 1978 च्या पावसाळ्यात वारली. तेव्हा तिचे वय चोपन्न-पंचावन्न असावे. नेमके सांगता येत नाही, कारण तिच्या जन्माची नोंद कोठेच नव्हती. शेवटचे दीड वर्ष तिच्या अंगावरून जात होते. आधी ती कोणाला बोलली नाही. पुढे थोरल्या वहिनींच्या ध्यानात आले, तेव्हा वैद्यांचे काढे झाले, तालुक्याच्या डॉक्टरांची इंजेक्शने झाली, नवससायास झाले. अखेरच्या महिन्यात तिच्या खोलीत सतत उदबत्ती लावून ठेवावी लागे. सोलापूरच्या एका डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन ‘पिशवीचा कॅन्सर आहे, फार उशीर झाला’ एवढेच सांगितले होते. ते शब्द मी घरी कोणालाही सांगितले नाहीत.

तिच्या दिवसांचे कार्य आटोपल्यावर मी ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करावयास गेलो. ग्रामसेवकांनी टाक दौतीत बुडवला आणि विचारले, “कारण काय लिहू, मास्तर?”

मी क्षणभर थांबलो. गावात माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू होती. मी म्हणालो, “लिहा, म्हातारपण.”

पंचावन्न वर्षांच्या बाईचे म्हातारपण! त्या एका शब्दाने आईचा आजार कागदावरून पुसला गेला. आज मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. माझ्या हातून आयुष्यात लहानमोठ्या चुका पुष्कळ झाल्या, परंतु त्या शब्दाचे ओझे अजून उतरलेले नाही. ते कसे वाढत गेले आणि त्यातून मी काय शिकलो, हे सांगण्यासाठी हा लेख.

निंबाखालचा पाहुणा

आमचे गाव भूम तालुक्यातले. पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा, आताचा धाराशिव. मी गावच्याच शाळेत शिक्षक होतो. 1988 साल असावे. दुपारच्या सुट्टीत एक तरुण कार्यकर्ता शाळेत आला. एस.टी.तून उतरून चालत आल्यामुळे धुळीने माखलेला, खांद्याला शबनम, हातात जाड वही. बार्शीहून आलो, असे त्याने सांगितले. निंबाच्या पाराशी बसून त्याने पाणी घेतले आणि प्रश्न विचारावयास आरंभ केला. गावात गेल्या सहा महिन्यांत कोण कोण वारले? कोणाच्या तोंडात बरी न होणारी जखम आहे काय? कोणाचा आवाज बसला आहे, घास अडकतो आहे? कोणा बाईच्या छातीत गाठ आहे, पाळी गेल्यानंतरही कोणाच्या अंगावरून जाते?

मला त्या प्रश्नांचा राग आला. परक्या माणसाने गावातल्या लेकीसुनांविषयी असे काही विचारावे, हेच मला विपरीत वाटले. मी तुटकपणे म्हणालो, “आमच्या गावात कॅन्सर नाही.”

त्याने वाद घातला नाही. एवढेच म्हणाला, “नसला तर उत्तमच, गुरुजी. पण नाही हे पाहिल्यावर ठरतं. आम्ही पुन्हा येऊ.”

आणि ते खरोखरच पुन्हा येत राहिले. कधी सरपंचांकडे, कधी दाईकडे, कधी शाळेत. पुढच्या एका भेटीत त्यांनी चित्रे दाखवून गावातल्या बायकांना आजाराची लक्षणे समजावून सांगितली. त्या सभेनंतर आमच्या शेजारच्या काकू सौभाग्यवतीजवळ हळूच बोलल्या, आणि दोघी मिळून बार्शीच्या रुग्णालयात जाऊन आल्या. काकूंचा आजार माझ्या आईचाच होता. अंतर इतकेच की तो पहिल्या टप्प्यात सापडला. काकू त्यानंतर वीस वर्षांहून अधिक जगल्या, नातसुनांची डोहाळजेवणे त्यांनी केली. ‘आमच्या गावात कॅन्सर नाही’ असे मी ज्या दिवशी म्हणालो, त्या दिवशीही काकूंचा आजार त्यांच्या अंगात असेलच. तो माझ्या भिंतीपलीकडच्या घरात होता.

ती वही कशाची होती

त्या तरुणाच्या हातातली वही म्हणजे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी होय, हे मला फार उशिरा कळले. मुंबईत 1951 मध्ये डॉ. दाराब जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. या संस्थेने 1963 मध्ये मुंबई शहरासाठी देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला आणि 1982 च्या आरंभापासून मुंबई, बंगळूर व मद्रास येथे त्या पद्धतीने काम होऊ लागले. ही सारी महानगरे. खेड्यातल्या माणसाला कोणते कर्करोग होतात, किती होतात, हे कोणालाच नीटसे ठाऊक नव्हते. म्हणून 1987 मध्ये बार्शीत ही नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील 346 गावे तिच्या कक्षेत होती.

‘लोकसंख्याधारित’ हा शब्द जड आहे, पण अर्थ साधा आहे. एखाद्या रुग्णालयात किती रुग्ण आले, हे त्या रुग्णालयाचे दप्तर सांगते. परंतु जे तेथे पोहोचलेच नाहीत, त्यांचे काय? लोकसंख्याधारित नोंदणी एक ठरावीक भूभाग घेते आणि त्या भूभागात राहणाऱ्या प्रत्येक नव्या रुग्णाचा शोध घेते, मग त्याने उपचार कोठेही घेतलेले असोत. रुग्णालये, प्रयोगशाळा, रेडिएशन विभाग, मृत्यूच्या नोंदी, सगळीकडून माहिती गोळा होते. एकच रुग्ण तीन रुग्णालयांत गेला असेल तर त्याची एकच नोंद राहील, याची काळजी घेतली जाते. वय, लिंग, राहण्याचे ठिकाण, आजार शरीराच्या कोणत्या भागात, निदान कशाच्या आधारे आणि कोणत्या टप्प्यात, हे सारे टिपले जाते. छापील अहवालात नाव कोणाचेच नसते. तेथे आपण केवळ एका बेरजेतील एक असतो.

शहरात नोंदणीचे कार्यकर्ते रुग्णालयांत जाऊन कागद पाहतात. खेड्यात कागदच नव्हते. म्हणून बार्शीच्या नोंदणीने गावोगाव जाऊन माणसांशी बोलण्याची रीत स्वीकारली. त्यामुळे एक चांगली गोष्ट आपोआप घडली. मोजणारी माणसे लक्षणे समजावून सांगत गेली, तसतशा बाया लवकर दवाखान्यात जाऊ लागल्या. अवघ्या काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे पहिल्या दोन टप्प्यांत निदान होण्याचे प्रमाण ठळकपणे वाढले, आणि ते वाढले हेदेखील त्या नोंदींवरूनच कळले.

आकड्यांमागच्या बाया

नोंदणीने दाखवून दिले की आमच्या भागातल्या स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत वरचा आहे. मुंबईच्या नोंदणीत मात्र या आजाराचा दर वर्षानुवर्षे घटत गेला आणि स्तनांचा कर्करोग वाढत गेला. एकाच राज्यातील दोन भाग, पण दुखणी वेगळी. मुंबईकडे पाहून आखलेली योजना आमच्या बायकांना पुरेशी ठरली नसती.

पुढे आमच्याच जिल्ह्यात एक मोठा अभ्यास झाला. 30 ते 59 वर्षे वयाच्या 1,31,746 स्त्रिया त्यात होत्या. गावांचे 52 गट पाडून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार भाग केले. तीन भागांतील स्त्रियांची एकदाच, पण वेगवेगळ्या पद्धतीने तपासणी केली. चौथ्या भागाला नेहमीचीच आरोग्यसेवा व माहिती मिळाली. एका पद्धतीत एच.पी.व्ही. या विषाणूची चाचणी होती. 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी झालेल्या 34,126 स्त्रियांपैकी 34 जणी या आजाराने गेल्या. नेहमीच्या सेवेवर राहिलेल्या 31,488 स्त्रियांपैकी 64 जणी गेल्या. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

कोण आजारी पडले, कोण गेले, हे वर्षानुवर्षे मोजण्याचे काम तेथे कर्करोग नोंदणीनेच केले. या अभ्यासाचा आधार पुढे जगभर घेतला गेला. आज जागतिक आरोग्य संघटना गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी एच.पी.व्ही. चाचणीचीच शिफारस करते. ज्या चौथ्या भागाला तपासणी मिळाली नाही, त्याबद्दल पुढे कठोर टीकाही झाली आणि ती मला अनाठायी वाटत नाही. त्या 64 जणी माझ्या जिल्ह्यातल्या होत्या. त्यांचे ऋण मानायचे तर निदान त्यांच्या जाण्यातून जे कळले ते वाया जाऊ देऊ नये.

माझ्या आईच्या नशिबी त्या आकड्यात येणेही नव्हते. ती ‘म्हातारपणा’च्या रकान्यात गेली.

दुसरी चूक : मुलाचा पत्ता

इतके सारे पाहूनही मी शहाणा झालो नव्हतो. 2017 मध्ये सौभाग्यवतीला बासष्टावे वर्ष होते. आंघोळीच्या वेळी तिच्या हाताला डाव्या छातीत गाठ लागली होती. दुखत नव्हती, म्हणून ती पाच महिने गप्प राहिली. का, असे विचारता म्हणाली, “नातवाचं बारसं होऊ दे म्हटलं. उगीच सगळ्यांच्या जिवाला घोर.” जी बाई तीस वर्षांपूर्वी शेजारणीला हाताला धरून बार्शीला घेऊन गेली होती, तिनेच स्वतःचे दुखणे लपवावे, याचे मला नवल वाटले आणि वाटलेही नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना आपला आजार ही नेहमी इतरांची अडचण वाटते.

मुलगा पुण्यात असतो. त्याच्याकडे राहून उपचार घ्यायचे ठरले. रुग्णालयात केसपेपर काढताना पत्ता विचारला, तेव्हा मी मुलाचा पत्ता दिला. सोयीचे म्हणून तर दिलाच, पण खरे सांगायचे तर गावात बोभाटा नको, हेही मनात होते. वयही अंदाजे ‘साठ’ सांगून मोकळा झालो.

काही दिवसांनी नोंदणीसाठी माहिती घेणारी एक मुलगी आमच्याजवळ आली. अदबीने बोलत होती. तिने कागद पाहिले आणि विचारले, “काका, काकू या पत्त्यावर किती वर्षं राहतात?”

“पंधरा दिवस झाले,” मी म्हणालो.

“मग हे त्यांचं घर नव्हे ना. वर्षभर तरी जिथं राहणं असतं, तो पत्ता आम्ही धरतो. तुमचं गाव कोणतं?”

मी गाव सांगितले आणि जरा चिडून विचारले, “आजार तोच, माणूस तेच. पत्त्यानं काय फरक पडतो?”

ती म्हणाली, “काकांना पुण्यातला पत्ता दिलात तर काकू पुण्याच्या आकड्यात जातील. असे शंभर जण आले तर पुण्याला शंभर रुग्ण जास्त दिसतील आणि तुमच्या तालुक्यात शंभर कमी. मग नवीन मशीन कुठं बसवायचं, हे ठरवणारा कागद बघून काय म्हणेल? तिकडं रुग्णच नाहीत म्हणेल.”

मी निरुत्तर झालो. ‘आमच्या गावात कॅन्सर नाही’ हे वाक्य मी 1988 मध्ये तोंडाने बोललो होतो. 2017 मध्ये तेच वाक्य मी पत्त्याच्या रकान्यात लिहिले होते.

मग तिने वय विचारले. आधारकार्डावर जन्मतारीख 1 जून होती. ती पाहून ती हसली आणि मलाही हसू आले. आमच्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस 1 जून असतो, कारण शाळेत नाव घालताना आम्हां गुरुजींनीच तो सरसकट लिहिला. मी स्वतः किती पोरांना 1 जूनला जन्माला घातले असेल, त्याची गणती नाही! एखाद्या वर्षाच्या फरकाने फारसे बिघडत नाही, कारण आकडे पाच-पाच वर्षांच्या वयोगटांत मांडतात. पण ‘असतील साठ-सत्तर’ असे सांगितले की सारा हिशेब कोलमडतो.

वयाचा हिशेब का?

वाचकांपैकी बहुतेक जण माझ्या वयाचे, म्हणून हा मुद्दा थोडा उलगडून सांगतो. कर्करोग हा वाढत्या वयाबरोबर वाढणारा आजार आहे. आमच्या गावातली तरुण मुले पुण्या-मुंबईस गेली, मागे राहिलो आम्ही वृद्ध. अशा गावात शंभर माणसांमागे रुग्ण जास्त दिसणारच. ते गाव अधिक रोगट आहे की केवळ अधिक म्हातारे आहे, हे ओळखण्यासाठी नोंदणीत वयानुसार समायोजन करून दर काढतात. म्हणजे सर्व गावांचे वय जणू सारखेच आहे असे धरून तुलना करतात. त्या दरावरून आजाराचे कारण शोधता येते.

परंतु सोयी उभारताना रुग्णांची प्रत्यक्ष संख्या लागते. कर्करोगाच्या सुमारे निम्म्या रुग्णांना केव्हा ना केव्हा रेडिएशनची गरज पडते. समजा, एखाद्या जिल्ह्यात वर्षाला हजार नवे रुग्ण असतील, तर पाचशे जणांना हे उपचार लागतील, आणि प्रत्येकाला कित्येक आठवडे रोज यावे लागेल. ते कोठून येणार, राहणार कोठे, सोबत कोण असणार? सत्तरीच्या माणसाला रोज दोनशे किलोमीटर ये-जा झेपत नाही. अनेक जण उपचार अर्धवट सोडतात. आजार असाध्य झालेल्यांसाठी वेदनाशामक सेवा आणि मॉर्फिन किती लागेल, हाही याच हिशेबाचा भाग आहे. किती यंत्रे, किती परिचारिका, किती खाटा, या सर्वांचा पाया म्हणजे ती वही.

2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अहवालात 2012 ते 2016 या काळातील 28 नोंदण्यांची माहिती आहे. मिझोरामच्या ऐझॉल जिल्ह्यात पुरुषांतील समायोजित दर लाखामागे 269.4 होता. अरुणाचल प्रदेशातील पापुम पारे जिल्ह्यात स्त्रियांतील दर 219.8 होता. आणि सर्वांत कमी दर कोठे? उस्मानाबाद व बीड या आमच्या जिल्ह्यांत : पुरुषांत 39.5, स्त्रियांत 49.4.

हे आकडे वाचून प्रथम बरे वाटले. ग्रामीण भागात काही कर्करोग शहरांपेक्षा खरोखरच कमी आढळतात. पण मग मला माझी आई आठवली, आणि पुण्याचा तो पत्ताही आठवला. कमी आकड्याचे दोन अर्थ होऊ शकतात. आजार कमी आहे, किंवा आजार आहे पण तो कोणी पाहिला नाही, पाहिला तर सांगितला नाही, सांगितला तर भलत्याच गावी लिहिला. किती आजार खरोखर कमी आणि किती झाकलेला, हे नोंदणीवाल्यांना घरबसल्या कळणे कठीण. ते आपल्यालाच ठाऊक असते.

त्याच आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. आमच्याकडे स्त्रियांचा दर पुरुषांपेक्षा जास्त आहे. म्हणजे येथे योजना आखणाऱ्याने घरातल्या बायकांपासून सुरुवात केली पाहिजे. याच कारणासाठी मुंबईच्या एका अभ्यासाचा उल्लेख करतो. वस्त्यांमधील स्त्रियांची छाती प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासली. वीस वर्षांचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. सर्व वयांचा एकत्र विचार केला तर मृत्यूंतील घट निःसंशय म्हणावी इतकी नव्हती. पण पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये ती जवळजवळ 30 टक्के होती. ना मोठे यंत्र, ना सुई. शिकवलेला हात आणि वेळेवर केलेली तपासणी, एवढ्यावर हे साधले. आमच्या घरी पाच महिने वाया गेले तरी गाठ फार पसरलेली नव्हती, हे आमचे भाग्य. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन आणि पुढे पाच वर्षे गोळी. आज सौभाग्यवती सत्तरीत आहे आणि हा लेख लिहिताना ‘माझं सगळं लिहा, पण नीट लिहा’ असे तिनेच बजावले आहे.

आपल्या हाती काय आहे

मी डॉक्टर नव्हे. परंतु ज्या ठिकाणी मी चुकलो, त्या ठिकाणी आपण चुकू नये, म्हणून चार गोष्टी सांगतो.

रुग्ण मुलाकडे वा मुलीकडे राहून उपचार घेत असला, तरी केसपेपरवर त्याच्या कायमच्या राहण्याचा पत्ता गाव-तालुक्यासह लिहावा. संपर्कासाठी मुलाचा पत्ता व फोन वेगळा द्यावा. रुग्णालय तेवढी सोय देतेच, नसेल तर मागून घ्यावी.

वय शक्य तितके खरे सांगावे. दाखला नसेल तर दुष्काळ, किल्लारीचा भूकंप, थोरल्या मुलाचा जन्म, अशा खुणांवरून ते काढता येते. तंबाखू, मिश्री, विडी यांविषयी विचारले तर लाजू नये. आमच्याकडच्या कित्येक आजीबाई मिश्रीला दात घासणे समजतात. ती तंबाखूच आहे.

बायोप्सीचा अहवाल आणि टप्प्याची नोंद असलेले कागद एका फायलीत ठेवावेत. पुढच्या डॉक्टरांना ते लागतात, योजनेच्या अर्जाला लागतात आणि नोंदणीलाही लागतात. नोंदणीचे कार्यकर्ते आले तर त्यांचे ओळखपत्र अवश्य पाहावे, पण दार लावून घेऊ नये.

आणि जे सर्वांत जड आहे ते शेवटी. मृत्यू घरी झाला तर तो 21 दिवसांच्या आत नोंदवावा आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून खरे कारण लिहून घ्यावे. वार्धक्य हे वय आहे, कारण नव्हे. शासनाच्या उपकेंद्रांतून तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी साधारण 30 ते 65 या वयोगटासाठी केली जाते. त्यापुढच्या वयात लक्षणे दिसली तर ‘आता काय, वयच झाले’ असे म्हणून कोणी टाळू नये, आपण स्वतःही टाळू नये. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणे, छातीतील गाठ, न भरणारी जखम, अडकणारा घास, यांना वयोमर्यादा नाही.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या आळीतले एक गृहस्थ वारले. ऐंशीच्या पुढचे. घशाचा कर्करोग होता, सहा महिने घरीच होते. दहाव्यानंतर त्यांचा मुलगा ग्रामपंचायतीत निघाला, तो वाटेत माझ्या ओट्याशी थांबला. म्हणाला, “गुरुजी, दाखल्यावर कारण काय सांगू? म्हातारपणच ना?”

मी त्याला आत बोलावले. सौभाग्यवतीने चहा ठेवला. मी त्याला माझ्या आईची गोष्ट सांगितली. आजवर ती मी कोणालाही, मुलालासुद्धा, सांगितली नव्हती. तो मुकाट्याने ऐकत होता. मग त्याने पिशवीतून वडिलांची फाईल काढली, आम्ही दोघांनी तिच्यातला बायोप्सीचा कागद शोधला, आणि डॉक्टरांची सही घेण्यासाठी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मीही तालुक्याला गेलो.

आईच्या नावापुढचा शब्द आता बदलणार नाही. त्या दिवशी संध्याकाळी मात्र आमच्या गावच्या दप्तरात एक खरी ओळ लिहिली गेली.